फासे, पडदा आणि गेम मास्टरचा अधिकार: नव्या गेम मास्टरसाठी मार्गदर्शक

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो, आणि गेम मास्टर जग, शत्रू व नियम सांभाळत खेळ चालवतो. पहिल्यांदा गेम मास्टर होऊन टेबलाशी बसणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. इथे आपला शब्द किती अंतिम असतो, हा पहिला. आणि आपल्यासमोर उभ्या केलेल्या पडद्याआड पडलेला फाशाचा आकडा चांगल्या चाललेल्या गोष्टीचा विचका करणार असे दिसले तर तो बदलून सांगावा का, हा दुसरा. पडलेला आकडा एक आणि सांगितलेला दुसरा, या प्रकाराला खेळणारे लोक ‘फज करणे’ म्हणतात. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध अनुभवी गेम मास्टर हिरिरीने बोलतात. पण उद्या संध्याकाळी चार खेळाडू समोर बसल्यावर नेमके काय करायचे, हे नवख्याला त्या वादातून उमगत नाही. ते पायरीपायरीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे: गेम मास्टरचा अधिकार मोठा आहे आणि तो संकोच न करता वापरावा, पण तो वापरण्याची वेळ फासा हातातून सुटण्याच्या आधीची असते. उदाहरणे मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतून घेतली आहेत, कारण अनेक गटांनी तिथूनच सुरुवात केली. विचार मात्र इतर खेळांनाही लागू पडतो.

पायरी १: आपल्या हातात नेमके काय आहे ते ओळखा

या खेळांची मुळे युद्धखेळांत आहेत. प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली मांडलेल्या क्रीगश्पीलमध्ये दोन्ही बाजूंच्या मधोमध एक पंच असे. तो दोघांचे हुकूम ऐकून घेई, नकाशावर तुकड्या हलवी आणि फासे व कोष्टके पाहून हानी ठरवी. पुढे कोष्टकांचे ओझे अनेकांना जड वाटू लागले, आणि १८७६ साली युलियस फॉन व्हर्डी द्यू व्हेर्नुआ यांनी असा मार्ग सुचवला की जाणकार पंचाने ते सारे बाजूला ठेवून आपल्या अनुभवावर निकाल द्यावा. म्हणजे फासा मोठा की पंचाची समज मोठी, हा वाद १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आला त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

गायगॅक्स यांनी १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये फाशाचा निकाल डावलण्याचा हक्क डंजन मास्टरला (त्या खेळात गेम मास्टरला हेच नाव आहे) उघडपणे दिला. खेळाडूने सगळी खबरदारी घेतली असूनही एखाद्या विचित्र फाशामुळे त्याचे पात्र मरत असेल, तर मरणाऐवजी बेशुद्धी किंवा एखादा अवयव गमावणे असा सौम्य परिणाम देता येईल, असे त्यांनी सुचवले. २०१४ च्या गाइडनेही पडद्यामागे फासे टाकल्यास निकाल बदलण्याची सोय राहते हे मान्य केले; मात्र तसे वारंवार करू नये आणि केल्याचे खेळाडूंना कळू देऊ नये, असा सल्ला जोडला. तेव्हा फज करणारा गेम मास्टर नियमबाह्य वागतो असे म्हणता येणार नाही. त्या सल्ल्याचा दुसरा भाग मला मान्य नाही, त्याची कारणे पुढे येतील.

याच्या अगदी उलट टोकाला २०१० सालचा अपॉकॅलिप्स वर्ल्ड आहे. त्यात खेळ चालवणारा फासे टाकतच नाही. फासे फक्त खेळाडूंच्या हातात असतात. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज १० किंवा अधिक आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर यश मिळते पण किंमत मोजून किंवा अर्धवट, आणि ६ किंवा कमी आली की पुढे काय घडते ते खेळ चालवणारा ठरवतो. त्याच्याकडे बदलायला एकही फासा नाही, तरीही त्याचा अधिकार प्रचंड आहे. नव्या गेम मास्टरने हे उदाहरण नीट ध्यानात घ्यावे, कारण अधिकार आणि फाशांची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून लख्ख दिसते. जगात काय आहे, समोर कोण उभे आहे, ते कसे वागते, एखादी कृती शक्य आहे का, किती अवघड आहे आणि ती फसली तर काय होईल, हे सारे तुम्हीच ठरवता. एवढे हाती असताना पडलेला आकडाही आपल्याच ताब्यात हवा असे वाटत असेल, तर बहुधा आधीचा एखादा निर्णय घेताना घाई झालेली असते.

हा अधिकार कोणत्याही पुस्तकाने दिलेला नसून टेबलाभोवती बसलेल्यांनी दिलेला असतो. त्यांनी उठून जायचे ठरवले तर नियमपुस्तक तुम्हाला वाचवणार नाही. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची.

पायरी २: खेळ सुरू होण्याआधी या विषयावर बोला

पात्रे तयार करण्यासाठी जी पहिली बैठक होते, जिला सेशन झीरो म्हणतात, तिच्यात फाशांचा विषय दहा मिनिटे तरी काढावा. ‘मी फज केले तर चालेल का?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण लोक संकोचाने ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणतात. त्याऐवजी ठोस प्रसंग विचारावेत. मोहिमेच्या पहिल्याच लढाईत एका किरकोळ शत्रूच्या फटक्याने तुमचे पात्र मेले तर तुम्हाला कसे वाटेल? अनेक सेशन ज्याचा पाठलाग केला तो खलनायक पहिल्याच मंत्रात गारद झाला तर मजा येईल की हिरमोड होईल? पात्र मरणार असेल तर त्याऐवजी ते कैद व्हावे, जायबंदी व्हावे किंवा कायमचे काही गमवावे, असा पर्याय हवा का?

उत्तरे गटागटांत फार वेगळी येतात. काहींना मरणाची खरी भीती असल्याशिवाय लढाईत रस वाटत नाही. काहींनी पात्राचा भूतकाळ इतक्या आवडीने लिहिलेला असतो की त्याचा अपघाती शेवट त्यांना नको असतो. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. पात्रे सहजासहजी मरू नयेत असे गटाला वाटत असेल तर तसा नियमच करावा: उदाहरणार्थ, हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकते ते सांगणारा आकडा) शून्यावर आल्यावर मरायचे की एखादी कायमची खूण घेऊन जगायचे, हे ज्याचे पात्र त्यानेच ठरवावे. असा उघड नियम असला की फज करण्याचे निम्मे प्रसंग उरतच नाहीत, आणि जे वाचवले गेले ते सर्वांच्या संमतीने वाचवले गेले असे होते.

याच बैठकीत तुमची पद्धतही सांगून टाका: कोणते फासे उघड्यावर पडतील, कोणते पडद्याआड, आणि नियमावर मतभेद झाला तर काय करायचे. मतभेदासाठी मी एक साधी रीत सुचवेन. खेळाडूचे म्हणणे मिनिटभर ऐकावे, निर्णय द्यावा, तो या सेशनपुरता आहे असे सांगून पुढे जावे आणि घरी पुस्तक पाहून पुढच्या वेळी पक्का नियम कळवावा. निर्णय चुकला आणि त्यात पात्राचे नुकसान झाले असेल, तर ते भरून द्यावे.

पायरी ३: फासा उचलण्याआधी थांबा

नव्या गेम मास्टरकडून सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. खेळाडू म्हणतो, ‘मी दार उघडतो,’ आणि आपण सवयीने म्हणतो, ‘टाक फासा.’ फासा पडतो, आकडा वाईट येतो, दार उघडत नाही, आणि पुढची सगळी गोष्ट त्या दारापलीकडे असल्याने आपण घाईघाईने दुसरे काहीतरी जुळवू लागतो. फज करण्याची वेळ आली ती त्या आकड्यामुळे आली, असे वाटते. खरे तर हा फासा टाकायलाच नको होता.

म्हणून फासा मागण्याआधी मनाशी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, ही कृती यशस्वीही होऊ शकते आणि फसूही शकते का? चोराकडे वेळ आहे, अवजारे आहेत, कोणी पाहत नाही, तर साधे कुलूप उघडलेच असे सांगावे. दोन, फसण्याने काही घडणार आहे का? ‘उघडले नाही, पुन्हा प्रयत्न कर’ एवढाच परिणाम असेल तर त्या फाशाने फक्त वेळ खाल्ला. तीन, वाईटात वाईट आकडा आला तर तो मी मान्य करणार आहे का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनापासून ‘हो’ येत नसेल, तर फासा खाली ठेवावा आणि काय घडते ते सरळ सांगावे. तुम्हाला तो अधिकार आहे, आणि तो असा उघड वापरल्यास कोणाचीही फसगत होत नाही.

रहस्यकथा चालवताना हे विशेष जपावे. मुख्य धागा एका फाशावर टांगून ठेवला तर कधीतरी तो तुटणारच. गमशू या नियमपद्धतीने हा प्रश्न मुळातच सोडवला: योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य जागी शोध घेत असेल तर मुख्य पुरावा त्याला मिळतोच, त्यासाठी फासा टाकावा लागत नाही. हीच रीत कोणत्याही खेळात उचलता येते. पुरावा द्यावा आणि फासा दुसऱ्या प्रश्नासाठी ठेवावा: तो किती लवकर सापडला, शोधताना कोणाच्या लक्षात आले का, सोबत आणखी काही कळले का.

फासा टाकायचाच असे ठरले की पणाला काय आहे ते आधी मोठ्याने सांगावे. ‘अवघडपणा १५, म्हणजे फाशाचा आकडा आणि कौशल्याची भर मिळून १५ किंवा अधिक हवे. जमले तर पहारेकऱ्यांच्या नकळत आत शिराल. फसले तरी दार उघडेल, पण बिजागरी करकरेल आणि पहारेकरी तुमच्याकडे येऊ लागतील.’ अशा वाक्याने दोन गोष्टी साधतात. खेळाडू जोखीम पाहून आपला बेत बदलू शकतो, आणि अपयशातही गोष्ट पुढे सरकण्याची तजवीज झालेली असते. शिवाय आधी जाहीर केलेला परिणाम नंतर सौम्य किंवा कठोर करण्याचा मोह होत नाही. बर्निंग व्हील या खेळात आणखी एक उत्तम नियम आहे: एकदा टाकलेल्या फाशाचा निकाल परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम राहतो. त्यामुळे खेळाडूला यश येईपर्यंत पुनःपुन्हा फासे टाकता येत नाहीत, आणि गेम मास्टरलाही अपयश येईपर्यंत ते मागता येत नाहीत. ही दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही, पण हवा तो आकडा येईपर्यंत फासे मागत राहणे हेही फज करणेच आहे.

पायरी ४: लढाई आधी कागदावर तपासा

फज करण्याचा मोह लढाईत सर्वाधिक होतो, आणि तिथे थोडे गणित फार उपयोगी पडते. वीस बाजूंच्या फाशावर २० येण्याची शक्यता ५ टक्के. लागोपाठ दोनदा येण्याची शक्यता ४०० मध्ये एक, म्हणून ती घटना आपल्याला अघटित वाटते. पण शत्रूंनी एका लढाईत एकूण २० हल्ले केले तर त्यांपैकी निदान एक तरी क्रिटिकल हिट (फाशावर २० आल्यावर बसणारा, नुकसानीचे फासे दुप्पट करणारा फटका) ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. म्हणजे क्रिटिकल हिट हा अपघात मानून चालणार नाही; तो येणार असे धरूनच लढाई आखावी लागते.

पाचव्या आवृत्तीतला गॉब्लिन हा किरकोळ शत्रू घ्या. त्याची तलवार सहा बाजूंचा एक फासा अधिक २ इतके नुकसान करते. क्रिटिकल असेल तर दोन फासे अधिक २, म्हणजे सरासरी ९. पहिल्या पातळीवरच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, बऱ्याचदा ७ किंवा ८ हिट पॉइंट असतात. तेव्हा एका क्रिटिकल फटक्यात विझार्ड कोसळणे अगदी स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच क्षणी नवा गेम मास्टर घाबरून आकडा बदलतो.

घाबरण्याआधी नियम पूर्ण वाचावा. शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण नव्हे. शून्यावर आल्यानंतर उरलेले नुकसान पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतके किंवा जास्त असेल तरच जागीच मृत्यू येतो. ७ हिट पॉइंटच्या ताज्यातवान्या विझार्डसाठी त्याला एकाच फटक्यात १४ नुकसान व्हावे लागेल, म्हणजे त्या क्रिटिकलच्या दोन्ही फाशांवर सहा पडावे लागतील. एरवी तो बेशुद्ध पडतो आणि आपल्या प्रत्येक पाळीला डेथ सेव्ह, म्हणजे जगतो की मरतो हे ठरवणारा वीस बाजूंचा फासा, टाकतो. १० किंवा अधिक आल्यास यश, तीन यशे झाली की प्रकृती स्थिर, तीन अपयशे झाली की मृत्यू. २० आला तर तो एका हिट पॉइंटसह शुद्धीवर येतो आणि १ आला तर दोन अपयशे धरली जातात. मधल्या काळात साथीदारांचा एखादा बरे करणारा मंत्रही त्याला उठवू शकतो. आकडा बदलून तुम्ही विझार्डला वाचवलेत तर ही सगळी धडपड, साथीदाराने लढाई सोडून त्याच्याकडे धाव घेण्याचा तो प्रसंग, तुम्ही गटाकडून काढून घेतलात.

अधिकार वापरायचा तर लढाई सुरू होण्याआधी वापरावा. पहिल्या पातळीच्या गटासमोर सहा गॉब्लिन जास्त वाटत असतील तर तीनच ठेवा. त्यांचे हिट पॉइंट पुस्तकात ७ दिलेले असले तरी ती दोन फाशांची सरासरी आहे. २ ते १२ मधला कोणताही आकडा आधी ठरवणे तुमच्या हक्कात बसते. लढाईच्या मध्यात तोच आकडा गुपचूप वाढवणे किंवा घटवणे मात्र फाशाला हात न लावता केलेले फजिंगच आहे, हे स्वतःशी कबूल करावे.

लढाई चालू असतानाही तुमच्या हाती प्रामाणिक साधने उरतात, आणि त्यांतले सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे शत्रूचे मन. प्रत्येक शत्रू अखेरच्या श्वासापर्यंत का लढेल? म्होरक्या पडला की बाकीचे पळतील, लुटारूंना खून करण्यापेक्षा खंडणी घेण्यात रस असेल, पशू भक्ष्य ओढून नेऊ पाहील. जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक नियमांत यासाठी मोराल नावाचा आकडाच असे आणि दोन फासे टाकून शत्रू टिकतो की पळतो ते ठरत असे. तो नियम आजही उचलावा असा आहे. शत्रूचे वागणे तुमच्या अखत्यारीतले असल्याने त्यातून हरती लढाई सावरली तर त्यात लपवण्यासारखे काही नसते. अट एकच: ते वागणे त्या शत्रूला शोभणारे असावे.

खलनायक फार लवकर मरू नये म्हणून त्याचे सेव्हिंग थ्रो (मंत्रासारख्या माऱ्यातून वाचण्यासाठी टाकलेले फासे, थोडक्यात सेव्ह) बदलणे हाही नेहमीचा प्रकार. पाचव्या आवृत्तीने त्यावर लेजेंडरी रेझिस्टन्स हा उपाय आणला: मोठा शत्रू दिवसातून ठरावीक वेळा, सहसा तीनदा, फसलेला सेव्ह यशस्वी करून घेऊ शकतो. पूर्वी जे गुपचूप व्हायचे तेच इथे उघड आणि मोजून होते, त्यामुळे खेळाडू ते तीन वापर संपवण्याचा बेत आखू शकतात. हीच बाजू खेळाडूंसाठीही असते. सॅव्हेज वर्ल्ड्समधले बेनी, वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमधले फेट पॉइंट, कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीत ऐच्छिक नियमानुसार खर्च करता येणारे लक, ही सगळी फासा सुधारण्याची किंवा त्याच्या तडाख्यातून निसटण्याची राजमान्य साधने आहेत. तुमच्या खेळात तसे काही नसेल तर प्रत्येक सेशनला प्रत्येक खेळाडूस एकदा फासा पुन्हा टाकू द्यावा. तेवढ्याने बरेच काम होते.

पायरी ५: कोणता फासा झाकायचा ते ठरवा

गुप्त फासा आणि बदललेला फासा यांची गल्लत करू नये. दालनात सापळा आहे का हे शोधताना खेळाडूला आपला आकडा २ दिसला, तर ‘काही सापडले नाही’ या उत्तरावर तो विश्वास ठेवणार नाही आणि पात्राला जे ठाऊक नाही ते त्याच्या वागण्यात उतरेल. अशा ठिकाणी गेम मास्टरने पडद्याआड फासा टाकणे योग्यच आहे. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा कृतींवर ‘सीक्रेट’ अशी स्पष्ट खूण असते. नोंदी, नकाशे आणि शत्रूंची माहिती झाकण्यासाठीही पडदा लागतोच.

लढाईतले हल्ले, नुकसान आणि पात्राच्या जिवावर बेतणारे फासे मात्र टेबलाच्या मध्यभागी, सर्वांसमोर टाकावेत. सुरुवातीला याची धास्ती वाटते, पण दोन-तीन सेशनांत तिचा लाभ दिसू लागतो: सगळे पुढे झुकून फाशाकडे पाहतात, आणि वाईट निकालाचा राग तुमच्यावर निघत नाही. ऑनलाइन खेळत असाल तर आकडे सर्वांना दिसतील अशीच सोय चालू ठेवावी.

पायरी ६: तरीही हात शिवशिवला तर

एवढे करूनही कधीतरी पडद्याआड असा आकडा पडेल की तो सांगू नये असे वाटेल. त्या वेळी आपण काय काढून घेणार आहोत याचा विचार करावा. खेळाडूने आपली शेवटची औषधाची कुपी जपून ठेवली, मागे हटायचे की लढायचे यावर विचार केला, मित्राला वाचवायला स्वतः पुढे झाला; निकाल तुम्हीच ठरवणार असाल तर या निर्णयांना वजन राहत नाही, आणि ते त्याला ठाऊकही नसते. कळू देऊ नका हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. शिवाय लोकांना कळतेच. तुमचा चेहरा, किंचित लांबलेला विराम, संकटात हमखास हुकणारे शत्रू, यांवरून संशय येतो, आणि एकदा तो आला की खेळाडूने खरोखर नशिबाने मिळवलेले विजयही शंकास्पद ठरतात. खेळाडूने स्वतःचा आकडा खोटा सांगितला तर आपण त्याला फसवणूक म्हणतो, हेही विसरू नये.

चूक तुमच्या आखणीत असेल, म्हणजे शत्रूची ताकद वाचताना गफलत झाली किंवा एक नियम उलटा लावला गेला, तर खेळ थांबवून तसे सांगावे: ‘या प्राण्याचे नुकसान मी दुप्पट मोजत होतो, मागचे दोन फटके दुरुस्त करू या.’ निकाल इथेही बदलतो, पण सर्वांच्या देखत आणि कारणासह. कोणी ‘तुम्ही फज केले का?’ असे थेट विचारले तर खरे उत्तर द्यावे. ज्या गटाने पहिल्याच बैठकीत ‘आम्हाला कळू न देता सांभाळून घ्या’ असे खरोखर मागितले असेल त्यांच्यासाठी फज करण्यास माझी हरकत नाही. तो त्यांचा निर्णय आहे.

पायरी ७: पात्र मेले तर पुढची दहा मिनिटे

उघड फाशाने पात्र मेले की टेबल शांत होते. लगेच पुढच्या पाळीकडे वळू नये. शेवटचा क्षण कसा दिसला हे वर्णन करण्याचा मान त्या खेळाडूला द्यावा, साथीदारांना काही म्हणायचे असल्यास म्हणू द्यावे आणि हवा तर छोटा विराम घ्यावा. त्यानंतर खेळाडूला बाजूला विचारावे: नवे पात्र आणायचे आहे, मेलेल्याला परत आणण्याची मोहीम सर्वांना आवडेल, की आजचे सेशन संपेपर्यंत फक्त पाहत बसणे बरे वाटेल? त्याला रिकामे बसायचे नसेल तर गटासोबत असलेला एखादा वाटाड्या किंवा सैनिक त्याच्या हाती द्यावा. नवे पात्र बाकीच्यांच्याच पातळीचे असावे आणि पुढच्या सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात ते गोष्टीत आणावे. दोन दिवसांनी त्या खेळाडूशी एकदा बोलून घ्यावे आणि मरणाचा नियम आहे तसाच ठेवायचा की बदलायचा, हे पुढच्या भेटीत पुन्हा सर्वांसमोर विचारावे.